ऑटो मॅग आणि त्याच्या पिढीतील मॅग्नम पिस्तुलांसाठी घरी काडतुसे भरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि कायदेशीर परवानगी असलेल्या मराठी नेमबाजांकडून व संग्राहकांकडून मला गेली काही वर्षे जे प्रश्न सतत येत आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. माझ्याकडे एल मॉन्टे येथे बनलेले .४४ ऑटो मॅग आहे आणि त्यासाठी लागणारे प्रत्येक काडतूस मी स्वतः भरतो. बंदुकीच्या दारूचे वजन किती घ्यावे याचे आकडे या पानावर मुद्दाम दिलेले नाहीत. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकातूनच घ्यावेत आणि ज्याच्याकडे असे पुस्तक नाही त्याने काडतुसे भरण्याच्या यंत्राला, म्हणजे प्रेसला, हातही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे नेमक्या कोणत्या पिस्तुलांचा विचार केला आहे?

मुख्यतः .४४ ऑटो मॅगचा. हॅरी सॅनफर्ड आणि मॅक्स गेरा यांनी आकाराला आणलेले हे पिस्तूल कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथून १९७१ साली विक्रीला बाहेर पडले आणि १९७२ मध्येच मूळ कंपनीचे दिवाळे निघाले. त्यानंतर टीडीई या नावाखाली नॉर्थ हॉलिवूड आणि एल मॉन्टे येथे ते बनत राहिले. काही पिस्तुलांवर हाय स्टँडर्ड या बंदूक कंपनीचे नाव आहे, काहींवर वितरक ली जुरास यांचे चिन्ह आहे, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे उत्पादन थांबले. त्याच पिढीतील आणि जवळपास तितकीच दुर्मीळ म्हणजे वाइल्डी मूर यांचे वायूच्या दाबावर चालणारे वाइल्डी पिस्तूल आणि युटा राज्यातील एलएआर कंपनीचे ग्रिझली. ही दोन्ही .४५ विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस वापरतात. डेझर्ट ईगल आजही बनते, त्यामुळे त्याचा उल्लेख तुलनेपुरताच येईल.

या पिस्तुलांची काडतुसे दुकानात मिळत नाहीत का?

.४४ ऑटो मॅगच्या बाबतीत ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. पिस्तूल गिऱ्हाइकाच्या हातात पडले तेव्हा कारखान्यात भरलेले काडतूस बाजारात नव्हते. ज्याने पैसे मोजून पिस्तूल घेतले, त्याने रायफलची पुंगळी (काडतुसाचे पितळी नळकांडे) कापून, आतून कोरून, स्वतःचे काडतूस स्वतः उभे करावे, अशी वेळ होती. पुढे मेक्सिकोतील सीडीएम आणि स्वीडनमधील नॉर्मा यांच्या ठशाची काडतुसे आली, पण तीही फार काळ टिकली नाहीत. आज जुन्या पेट्या लिलावात दिसतात, त्यांची किंमत संग्राहक ठरवतात, आणि त्या फोडून उडवणे मला तरी जिवावर येते. नवी काडतुसे अधूनमधून छोट्या कारखान्यांकडून येतात, पण नियमित सराव करायचा असेल तर हाताने भरण्याला पर्याय नाही. .४५ विंचेस्टर मॅग्नमची स्थिती थोडी बरी आहे, एवढेच.

.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचे काडतूस यात चालेल का?

नाही. दोन्हींची गोळी एकाच व्यासाची, म्हणजे ०.४२९ इंचाची असते आणि पुंगळ्यांची लांबीही जवळजवळ सारखी असते (१.२८५ आणि १.२९८ इंच), म्हणून हा गोंधळ होतो. मात्र रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते आणि ऑटो मॅगच्या पुंगळीला ती नसते. गोळ्या मात्र दोन्हीकडे त्याच चालतात, आणि २४० ग्रेन वजनाची, तांब्याचे आवरण असलेली गोळी सर्वांत सहज मिळते.

रायफलच्या पुंगळीपासून .४४ एएमपीची (म्हणजे .४४ ऑटो मॅगची) पुंगळी कशी होते?

.३०-०६ आणि .३०८ विंचेस्टर या दोन्ही रायफल काडतुसांच्या बुडाचा व्यास ०.४७३ इंच, म्हणजे साधारण १२ मिलिमीटर असतो, आणि ऑटो मॅगचा बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग) याच मापाभोवती रचलेला आहे. त्यामुळे बुडाकडचा भाग आहे तसा ठेवून वरचा भाग कापायचा असतो. .३०८ची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब असते, .३०-०६ची ६३, आणि आपल्याला हवी ती ३३ मिलिमीटरला किंचित कमी.

पुंगळीला बाहेरून वंगणाचा पातळ हात देऊन ती कापणीच्या डायमध्ये (पोलादी साच्यात) बसवतात, वर उरलेला भाग बारीक दातांच्या करवतीने उतरवतात आणि डायच्या कडक पोलादी कडेशी सपाट होईपर्यंत कानशीने घासतात. कानस डायवर घसरू लागली की आवाज बदलतो. पितळ्यावरची खरखर संपून पोलादावरचा उंच, कोरडा आवाज येतो, तेथे थांबायचे. इथपर्यंत काम सोपे आहे.

खरे काम त्यापुढे सुरू होते. रायफलच्या पुंगळीची भिंत तोंडापासून बुडाकडे जाताना जाड होत जाते. आपण ती मध्यावर कापतो, म्हणजे आपले नवे तोंड जेथे येते तेथे पितळ गरजेपेक्षा जाड असते. तशा तोंडात गोळी दाबून बसवली तर पुंगळी बाहेरून फुगते आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) एक तर जात नाही, किंवा घट्ट जाते. घट्ट जाणे हे न जाण्यापेक्षा वाईट, कारण बार उडताना गोळी सुटण्यासाठी तोंडाला किंचित पसरावे लागते आणि तेवढी जागाच उरलेली नसते, परिणामी दाब धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून आतून रीमर (कोरण्याचे हत्यार) फिरवून भिंत पातळ करणे अनिवार्य आहे. रीमर हाताने, संथ आणि एकाच दिशेने फिरवावा. पितळेचा कीस सोनेरी केसासारखा अखंड निघाला तर धार नीट आहे, भुगा पडला तर धार गेली आहे. आरसीबीएस कंपनीने या कामाचे डाय आणि रीमर पूर्वी बनवले होते आणि ते जुन्या बाजारात अजून सापडतात.

सैन्याच्या वापरातून आलेल्या पुंगळ्या मी या कामासाठी घेत नाही. त्यांचे पितळ बहुधा जाड असते, आतली जागा कमी उरते, आणि तेवढीच दारू कमी जागेत गेली की दाब चढतो. त्या वापरायच्याच असतील तर वेगळ्या ठेवून त्यांचा हिशेब वेगळा मांडावा.

तयार पुंगळ्या विकत घेतल्या तर?

अवश्य घ्याव्यात. स्टारलाइनने .४४ एएमपीच्या पुंगळ्या बनवल्या आहेत आणि त्या मिळत असतील तर कापाकापीचा खटाटोप करण्याचे कारण नाही. सुरुवातीला मी मात्र स्वस्ताच्या मोहाने एका विक्रेत्याकडून कापून तयार केलेल्या शंभर पुंगळ्यांची पिशवी घेतली. घरी येऊन व्हर्नियर कॅलिपर लावला, तेव्हा सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड पुंगळीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक निघाला आणि निम्म्यांच्या आत रीमर फिरलेलाच नव्हता. त्यांतल्या बारा ठीक होत्या. उरलेल्या अजून टेबलावर एका डब्यात आहेत. नव्याने शिकायला येणाऱ्याच्या हातात मी आधी तो डबा आणि कॅलिपर देतो.

लांबीतला एवढासा फरक खरोखर महत्त्वाचा आहे का?

होय, आणि हे ज्याला कळले त्याला या पिस्तुलाचे अर्धे काम कळले. रिव्हॉल्व्हरचे काडतूस आपल्या कडेवर टांगलेले असते. ऑटो मॅग, वाइल्डी किंवा ग्रिझलीचे काडतूस मात्र आपल्या तोंडाच्या कडेवर, चेंबरच्या आतल्या पायरीला टेकून उभे राहते. पुंगळी आखूड असेल तर ते आत बुडते आणि फायरिंग पिनचा ठोका उथळ पडतो. लांब असेल तर ऑटो मॅगचा फिरता बोल्ट पूर्ण वळत नाही, किंवा जोराने वळलाच तर पुंगळीचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात चिमटले जाते आणि गोळी अडकून धरली जाते.

याच कारणाने गोळी बसवल्यावर तोंड आत वळवून चावा घेणारी, रिव्हॉल्व्हरला चालते ती पद्धत येथे चालत नाही. टेकण्यासाठी असलेली कडच त्यात नाहीशी होते. तोंड सरळ ठेवून ते किंचित निमुळते दाबावे, गोळीवर मूळची आडवी खाच कुठेही असो. माझी नेहमीची तपासणी साधी आहे: नळी पिस्तुलापासून वेगळी करायची, तोंड खाली धरायचे आणि भरलेले काडतूस स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये सोडायचे. ते टक् असा स्वच्छ आवाज करून बसले पाहिजे आणि नळी उलटी करताच न अडकता बाहेर पडले पाहिजे. हे मी नमुन्यादाखल करत नाही, पेटीतल्या प्रत्येक काडतुसाला करतो.

टोपी कोणती वापरावी?

टोपी म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसणारा, ठोका लागताच पेटून दारू पेटवणारा भाग. पुस्तकातील नोंद ज्या टोपीने घेतली आहे तीच वापरावी. पिस्तुलाच्या पुंगळीला मोठी पिस्तूल टोपी लागते, पण रायफलच्या पुंगळीतून कापलेल्या पुंगळीचा टोपीचा खड्डा रायफलच्या खोलीचा असतो, म्हणजे साधारण पाव मिलिमीटरने जास्त खोल. पिस्तूल टोपी त्यात खाली बसते आणि कधी कधी ठोका लागूनही पेटत नाही. यावर उपाय म्हणून रायफलची टोपी बसवली तर ती अधिक जोराने पेटते आणि दाबाचा सगळा हिशेब बदलतो. कापलेल्या आणि तयार पुंगळ्या एकाच पेटीत मिसळू नयेत, याचे हे मोठे कारण आहे. साध्या टोपीच्या जागी मॅग्नम टोपी घालणे हाही तोच प्रमाद आहे.

सर्वसाधारण नियम म्हणून दहा टक्के कमी दारूपासून सुरुवात करावी ना?

बहुतेक काडतुसांसाठी हा सल्ला योग्य आहे, पण येथे तो डोळे मिटून लावता येत नाही. मॅग्नम काडतुसांना सावकाश जळणारी दारू लागते. त्यांपैकी एच-११० आणि विंचेस्टर २९६ (दोन्ही नावांखाली एकच दारू आहे) यांच्याबाबत हॉजडन कंपनीची स्पष्ट सूचना आहे की छापील वजनापेक्षा ३ टक्क्यांहून अधिक घट करू नये. पुंगळी या दारूने पुरेशी भरली नाही तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. म्हणून आधी दारू निवडावी, त्या दारूचे स्वतःचे नियम वाचावेत आणि मगच वजनाकडे वळावे. एकाच काडतुसासाठी दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर गोळी, पुंगळी आणि टोपी तीच आहे का हे तपासावे. ती वेगळी असेल तर आकडे तुलनेला घेऊच नयेत.

सावकाश जळणाऱ्या दारूचा एक मोठा फायदाही सांगितला पाहिजे. ती पुंगळी जवळजवळ भरून टाकते, त्यामुळे चुकून दुप्पट बार पडला तर दारू वरून सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. झटपट जळणाऱ्या दारूचे दोन बार त्याच पुंगळीत निमूट मावतात. यामुळेच या पिस्तुलांसाठी झटपट जळणारी दारू मी वापरत नाही आणि दुसऱ्यालाही वापरू देत नाही. तरीही पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकीत दिव्याचा उजेड टाकून दारूची पातळी पाहिल्याशिवाय मी पुढची पायरी घेत नाही. दर दहा बारांनंतर एक बार तराजूवर जातो.

कोकणात ठासणीच्या बंदुकीत आजोबा बार भरत, तेव्हा मापट्यातून दारू ओतताना ते कोणाशी बोलत नसत, आणि आम्हा मुलांना पडवीच्या बाहेर थांबावे लागे. साधने बदलली आहेत. माझ्या टेबलापाशी फोन नसतो आणि दारूचा एकच डबा उघडा असतो.

कमी जोराचे काडतूस भरले तर पिस्तुलाला आराम मिळेल का?

ऑटो मॅग आखूड माघारीच्या तत्त्वावर चालते: नळी आणि बोल्ट थोडे अंतर एकत्र मागे येतात, मग बोल्ट फिरून सुटतो. पुरेसा जोर नसेल तर हे चक्र अर्ध्यावर थांबते, पुंगळी अडकते आणि पुढचे काडतूस नीट चढत नाही. त्यामुळे कमी जोराने आराम मिळत नाही, अडथळे मिळतात. मर्यादेपलीकडचा जोर दिला तर जे सुटे भाग आज सहज मिळत नाहीत ते तुटतात. या दोन टोकांमधली जागा अरुंद आहे आणि ती वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफशिवाय सापडत नाही. वाइल्डी पिस्तुलात नळीभोवती फिरणारे वायूचे नियंत्रक कडे आहे, त्यामुळे वेगवेगळ्या जोराच्या काडतुसांना ते जुळवून घेता येते. ऑटो मॅगला ती सोय नाही. जुन्या स्टेनलेस पोलादाचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून ओरखडतात, म्हणून घसरणाऱ्या भागांना चांगले ग्रीस लावूनच नेम धरावा.

साध्या शिशाची गोळी चालेल का?

डेझर्ट ईगलमध्ये नाही. त्याच्या नळीला वायूचे बारीक छिद्र असते आणि शिशाचा थर त्यात साचून ते बुजते. ऑटो मॅगला असे छिद्र नाही, तरीही मी आवरणाची गोळीच वापरतो.

बार फुसका गेला तर काय करावे?

आवाज दबका आला, धक्का कमी बसला, किंवा बोल्ट अर्धवट मागे आला, यांपैकी काहीही झाले तर बोट चापावरून काढावे, पिस्तुलाचे तोंड निशाणाकडेच ठेवावे, थोडा वेळ थांबावे, मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे करावे आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. उजेड दिसला नाही तर गोळी आत अडकली आहे. तिच्या मागे दुसरी गोळी सोडली तर नळी फुटते. शंका आली की त्या दिवसाचे काम तेथेच थांबवावे आणि त्याच दिवशी भरलेली सर्व काडतुसे बाजूला ठेवावीत.

पिस्तुलाबरोबर जुन्या मालकाने स्वतः भरलेली काडतुसे मिळाली आहेत. ती उडवू का?

नाही, त्याची वही सोबत मिळाली तरीही नाही. आपटून गोळी सोडवण्याच्या हातोडीने ती उघडावीत, पुंगळ्या आणि गोळ्या तपासून ठेवाव्यात. आतली दारू ओळखीची वाटली तरी वापरू नये, कारण रंग आणि दाणा पाहून दारू ओळखता येत नाही.

घरात दारू आणि टोप्या किती व कशा ठेवाव्यात?

अमेरिकेतील एनएफपीए-४९५ या संहितेनुसार राहत्या घरात धूरविरहित दारू मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत आणि टोप्या १०,००० पर्यंत ठेवता येतात; स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. दारू दुसऱ्या बरणीत कधीही ओतू नये. टोप्यांच्या मिश्रणात शिसे असते आणि जळलेल्या पुंगळ्या साफ करताना उडणाऱ्या धुळीतही ते येते, म्हणून हे काम स्वयंपाकघरापासून दूर करावे, हात थंड पाण्याने व साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी बनवायची असतील तर लागतो. मित्राकडून पैसे घेऊन पेटी भरून देणे हे विक्रीतच जमा होते. आपल्या मंडळींना जी गोष्ट बहुधा माहीत नसते ती अशी: एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणाऱ्यांना, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे ठरावीक अपवाद वगळता, संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. मित्राच्या प्रेसवर बसून काडतुसे भरून घरी नेणे हेही बाळगणेच ठरते, त्यामुळे आधी वकिलाला विचारावे.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे काडतुसे बनवण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि काडतुसाच्या व्याख्येत त्याचे भाग व ते बनवण्याची यंत्रेही येतात. पिस्तुलाचा परवाना हा काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. सुट्टीत पुण्याला किंवा गोव्याला जाताना नेमबाजीची पिशवी सामानासाठी वापरू नये. कोपऱ्यात राहिलेली एक पुंगळीसुद्धा विमानतळावर मोठ्या चौकशीचे कारण होते.

एक पुंगळी किती वेळा वापरता येते?

ठरावीक आकडा नाही. तोंडाशी केसासारखी चीर दिसली, टोपी सैल बसू लागली, किंवा बुडाजवळ चकचकीत वळे उमटले की ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकून द्यावी, म्हणजे मोहाने पुन्हा डब्यात येणार नाही. प्रत्येक वेळी भरण्यापूर्वी लांबी पुन्हा मोजावी. ऑटो मॅग पुंगळ्या जोराने आणि लांब फेकते, म्हणून मी उजव्या हाताला, दोन पावले मागे, जुनी पांढरी चादर अंथरतो, आणि सात बार झाले की सात पुंगळ्या मोजूनच पुढचे मॅगझिन भरतो.

भरलेल्या पेटीवर काय लिहावे?

पिस्तुलाचा अनुक्रमांक, पुंगळी तयार घेतलेली की कापलेली, कापलेली असल्यास मूळ रायफलचे नाव, ती कितव्यांदा भरली, गोळीचे वजन, दारूचे नाव व डब्यावरचा लॉट क्रमांक, दारूचे वजन, टोपी, एकूण लांबी आणि तारीख. सर्वांत वर, मोठ्या अक्षरात, हे काडतूस कोणत्या पिस्तुलासाठी आहे ते लिहावे, आणि तेही इंग्रजीत लिहावे, कारण आपल्या पश्चात ही पेटी उघडणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही.